आधी ओझे ठरवा, मग विमान: मालवाहू विमान घडवणाऱ्या मंडळांना खुले पत्र

मोठे लष्करी मालवाहू विमान घडवायला निघालेल्या गरजनिश्चिती समित्यांना, आराखडा मंडळांना आणि करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, अशा विमानाचा विचार जिथे सुरू होतो तिथल्या पहिल्याच टिपणात तीन आकडे ठळक असतात: कमाल ओझे किती टन, पल्ला किती किलोमीटर आणि धावपट्टी किती मीटरची. मंजुरी याच तीन आकड्यांवर मिळते, बातम्या त्यांच्याच होतात आणि पुढची दहा-पंधरा वर्षे शेकडो अभियंते त्यांच्या मागे धावतात. आमचे म्हणणे असे की हे आकडे फार लवकर लिहिले जातात. नेमके काय वाहायचे, ते आत कसे चढणार, फरशीला कसे बांधले जाणार आणि बाहेर कसे पडणार, हे आधी कागदावर यावे. मालकक्षाची लांबी-रुंदी-उंची, फरशीची ताकद आणि रॅम्पचा, म्हणजे माल चढवायच्या उतरत्या दाराचा, कोन यांतून विमान आपोआप आकाराला येते. उलट क्रमाने गेलेल्या प्रकल्पांना त्याची किंमत मोजावी लागली आहे.

टनांचा आकडा कसा फसवतो हे अमेरिकेच्या सी-१४१ स्टारलिफ्टरने दाखवले. १९६३ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या जेट विमानाचा मालकक्ष सेवेत बहुतेक वेळा आधी जागेने भरायचा, वजनाने नाही. उचलायची ताकद शिल्लक आणि आत पाय ठेवायला जागा नाही, अशी स्थिती. शेवटी १९७७ ते १९८२ या काळात २७० विमाने कापून त्यांच्या धडात सुमारे ७.१ मीटरचे तुकडे घालावे लागले. तेव्हा पॅलेटची, म्हणजे माल रचून बांधायच्या सपाट तक्त्यांची, संख्या १० वरून १३ झाली. म्हणजे तीस टक्के जास्त काम त्याच पंखांनी आणि त्याच इंजिनांनी केले. हे पहिल्या आराखड्यातच का झाले नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या समितीने स्वतःला विचारावा.

अमेरिकी लष्कराचे प्रमाणित ४६३-एल पॅलेट २.२४ बाय २.७४ मीटरचे असते. बाल्सा लाकडाचा गाभा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, कडेला २२ कड्या. ते सुमारे ४.५ टन ओझे घेते. पण सुटे भाग, तंबू, औषधे, अन्नाची खोकी असा नेहमीचा माल त्यावर रचला की वजन या मर्यादेच्या बरेच खाली राहते. सी-१७ या मोठ्या अमेरिकी मालवाहू विमानात १८ पॅलेट बसतात आणि त्याची कमाल क्षमता साधारण ७७ टन आहे. सरासरी पॅलेट अडीच टनाचे धरले तर सगळी जागा भरूनही ४५ टनच होतात. म्हणून गरजपत्रकात टनांच्या शेजारी घनमीटरही लिहा, आणि ते तुमच्या स्वतःच्या मालाच्या नोंदींवरून काढा. दुसऱ्या देशाच्या विमानाच्या माहितीपत्रकातून उचलू नका.

रुंदीचे गणित तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही. पॅलेटची एक रांग बसायला मालकक्ष तीन मीटरहून थोडा अधिक रुंद लागतो. सी-१३० या अमेरिकी विमानाचा तेवढाच आहे. दोन रांगा बसायच्या तर अरुंद बाजू आडव्या ठेवल्या तरी ४.४८ मीटर हवेत, त्यात रुळांची आणि माणसाला चालायची जागा धरली की साडेचार मीटरांच्या बरेच पुढे जावे लागते. सी-१७ चा मालकक्ष ५.५ मीटर रुंद आहे तो यासाठी. या दोन टोकांच्या मधल्या कोणत्याही रुंदीत पूर्ण आकाराच्या पॅलेटची संख्या वाढत नाही. युरोपीय ए-४००एम ची चार मीटर रुंदी ही वाहने आणि हेलिकॉप्टर यांच्यासाठी आहे, पॅलेटसाठी नव्हे, आणि ते ठरवून केले आहे. पण "थोडे मोठे असू द्या" म्हणून रुंदी अर्धा मीटर वाढवली, तर धडाचा घेर, त्याचे वजन आणि हवेचा अडथळा तेवढा वाढतो आणि हाती काही येत नाही.

उंची बहुधा हेलिकॉप्टरच ठरवते. मालकक्ष दहा-वीस सेंटिमीटरने बुटका पडला तर पंख्याची पाती घडी करून भागत नाही, मुख्य गिअरबॉक्स आणि दांडा उतरवावा लागतो. म्हणजे निघताना क्रेन, पोचल्यावर पुन्हा क्रेन, मग जोडणी, संतुलन आणि चाचणी उड्डाण. जिथे क्रेनच नाही तिथे पोचवायचे म्हणून तर हे विमान हवे असते. तेव्हा वाहायच्या प्रत्येक हेलिकॉप्टरची उंची चाकांत पूर्ण हवा भरलेली धरून मोजा आणि रॅम्पच्या माथ्यावरून जाताना त्याचे वरचे टोक किती उंच जाते तेही पाहा. आत उभ्या असलेल्या यंत्राची उंची आणि आत शिरताना लागणारी उंची एक नसते.

रॅम्पवर थोडे थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. समजा वाहनाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सहा मीटर अंतर आहे आणि रॅम्प १२ अंशांवर आहे. वाहन बिजागरीवर मधोमध आले की त्याचे पोट टेकू नये म्हणून खाली किमान ३१ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. रॅम्प ९ अंशांचा केला तर २४ सेंटिमीटर पुरतात. ही सात सेंटिमीटर मिळवण्याची किंमत अशी: जमिनीपासून दीड मीटर उंचीच्या फरशीसाठी १२ अंशांचा रॅम्प ७.२ मीटर लांब होतो, ९ अंशांचा ९.६ मीटर. ही जास्तीची लांबी आणि वजन थेट शेपटीकडे जाते. यावर उपाय दोन आहेत. एक, सुटे उतरते तुकडे किंवा लाकडी ठोकळे लावून रॅम्प लांबवणे. तो स्वस्त आहे, पण ठोकळे बरोबर न्यावे लागतात आणि वेळ जातो. दुसरा, विमानालाच गुडघे टेकायला लावणे. फरशी ३० सेंटिमीटर खाली आली तर ९ अंशांचा रॅम्प ७.७ मीटरांत बसतो. अमेरिकी सी-५ आणि सोव्हिएत एएन-१२४ या अवाढव्य विमानांनी हा दुसरा मार्ग घेतला. मात्र गुडघे टेकणाऱ्या चाकांत जास्तीचे जॅक, व्हॉल्व्ह आणि संवेदक येतात, आणि त्यातला एखादा अडला की विमान टेकलेल्या स्थितीत अडकून बसते.

रॅम्पवर जड वाहन चढते तेव्हा विमान मागे बसू पाहते. मुख्य चाकांच्या मागे चाळीस टन उभे राहिले की नाकाचे चाक हलके होते, आणि पुढे काही ठेवलेले नसेल तर विमान शेपटीवर बसते. म्हणून रॅम्पच्या बिजागरीखाली टेकू द्यावे लागतात. हे टेकू विमानातच घडी होऊन बसणारे हवेत, नंतर जोडलेले नकोत. टेकू कच्च्या जमिनीत रुततात, तेव्हा त्यांच्या पायाखालच्या तव्याचा आकारही गरजपत्रकात लिहा.

आता फरशी. विमानाची फरशी तीन वेगवेगळ्या प्रकारे हार मानते: चाकाखाली वरचा पत्रा दबतो, दोन तुळयांमधला पट्टा वाकतो, किंवा खालची तुळईच तुटते. लाकडी फळ्या टाकून पहिला धोका टळतो. फळीतून भार साधारण ४५ अंशांत पसरतो असे धरतात, म्हणजे ५ सेंटिमीटर जाड फळी चाकाच्या ठशाला चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर वाढवते. २० बाय २५ सेंटिमीटरचा ठसा मग ३० बाय ३५ होतो, क्षेत्रफळ ५०० वरून १,०५० चौरस सेंटिमीटर आणि दाब निम्म्याहून कमी. पण तुळईवर येणारा आसाचा एकूण भार मात्र तेवढाच राहतो. फळी टाकली म्हणजे प्रश्न सुटला असे समजून जड आसाचे वाहन चढवले तर पत्रा शाबूत आणि तुळई वाकलेली, असे होते. म्हणून दर चौरस सेंटिमीटरचा दाब, दर आसाचा भार आणि दर मीटर लांबीचा भार या तीन मर्यादा गरजपत्रकात वेगवेगळ्या द्या. अनेक पत्रकांत एकच "फरशीची क्षमता" लिहिलेली असते आणि तिचा काहीही अर्थ लागत नाही.

बांधणीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लष्करी वाहतुकीत रूढ असलेले निकष असे (१ जी म्हणजे मालाच्या स्वतःच्या वजनाइतका जोर): माल पुढे ३ जी, मागे १.५ जी, दोन्ही बाजूंना १.५ जी आणि वर २ जी इतक्या धक्क्याला जागचा हलता कामा नये. १८ टनांचे चिलखती वाहन घ्या. पुढच्या दिशेला ५४ टनांचा प्रतिकार हवा, मागच्या दिशेला २७. साधी साखळी ४.५ टनांची असते, पण ती सरळ रेषेत बांधली जात नाही. फरशीशी ३० अंश आणि विमानाच्या लांबीशी ३० अंश या ठरीव कोनात ती पुढे-मागे तीन चतुर्थांश ताकद देते, वरच्या दिशेला निम्मी आणि बाजूला फक्त ४३ टक्के. म्हणजे प्रत्येक साखळी पुढे-मागे ३.४ टन. पुढच्यासाठी १६ साखळ्या, मागच्यासाठी ८, एकूण २४. इथे बरेच जण थांबतात. बाजूचा हिशेब केला तर एका बाजूच्या १२ साखळ्या मिळून साडेतेवीस टन धरतात आणि हवेत २७. खरा आकडा २८ साखळ्यांचा निघतो. हेच ११.३ टनांच्या जड साखळ्यांनी केले तर १२ पुरतात, दर बाजूला ६, आणि त्या बाजूला २९ टन धरतात. अठ्ठावीस साखळ्या आणि त्या ताणून धरणारे ताणक बसवायला लागणारा वेळ आणि बारा साखळ्यांचा वेळ यांतला फरक धोक्याच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या चालकदलाला विचारा. पण बारा साखळ्या तेव्हाच लावता येतील, जेव्हा फरशीत जड कड्या योग्य अंतरावर असतील आणि वाहनाच्या स्वतःच्या कड्याही तेवढ्या ताकदीच्या असतील. जड कड्या नंतर वाढवता येत नाहीत, कारण त्यांचा भार थेट धडाच्या सांगाड्यात आणि तुळयांत उतरवावा लागतो.

बांधणी चुकली की काय होते हे २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराममध्ये जगाने पाहिले. पाच चिलखती वाहने घेतलेले नागरी ७४७ मालवाहू विमान उड्डाण घेताच आतले ओझे मागे सरकले, हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचा आडवा पंख फिरवणारी यंत्रणा मोडली आणि विमानातले सातही जण गेले. पट्टे पुरेसे नव्हते आणि त्यांच्या कोनांचा हिशेब नीट केलेला नव्हता. विमान लष्करी असो की नागरी, गणित तेच.

यालाच जोडून गुरुत्वमध्य. १२० टन वजनाच्या विमानात ३० टनांचे वाहन एक मीटर पुढे-मागे उभे केले की गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटर सरकतो. म्हणून एकच जड नग वाहायचा असेल तर तो उभा करायची जागा काही मोजक्या मीटरांत ठरलेली असते, आणि नेमक्या त्या जागी जड कड्या हव्यात. हवेतून माल टाकताना तर ११० टनांच्या विमानात १५ टनांचा मंच छत्रीने (पॅराशूटने) ओढला जाऊन बारा मीटर मागे धावतो. तो रॅम्पच्या काठावर असतो त्या क्षणी गुरुत्वमध्य दीड मीटरहून जास्त मागे गेलेला असतो आणि पुढच्याच क्षणी परत येतो. शेपटीचा आकार आणि एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पृष्ठभागाची, ताकद या दोन-तीन सेकंदांसाठी ठरते, शांत उड्डाणासाठी नाही. सी-५ मधून २४ ऑक्टोबर १९७४ रोजी मिनटमन क्षेपणास्त्रासह सुमारे ३९ टनांचे ओझे सोडले गेले. हे शक्य आहे, पण आधी गणितात धरलेले असले तरच.

एवढे लिहून झाले की पंखाकडे यावे. पंखाच्या बाबतीत आमचा आग्रह एकच आहे: वजनाच्या हमीला पंखाचा बळी देऊ नका. सी-५ च्या करारात रिकाम्या विमानाच्या वजनाची हमी होती. आराखडा पुढे जाईल तसे वजन वाढत गेले, आणि ते कमी करायला पंखातला धातू कातरला गेला. ३०,००० तासांचे आयुष्य अपेक्षित असलेल्या पंखांना चाचण्यांतच तडे दिसले. मग मुळाशी येणारा वाक कमी करायला भारनियंत्रण बसवले, ओझ्यावर बंधने घातली. १९८० पर्यंत शांततेच्या काळातल्या सामान्य वाहतुकीत हे बंधन काही वेळा ५०,००० पौंड, म्हणजे तेवीस टनांच्या आसपास इतके खाली आले होते. शंभर टन उचलू शकणाऱ्या विमानाची ही गत. अखेर ७६ विमानांचे पंख नवे करून घ्यावे लागले आणि ते काम १९८७ पर्यंत चालले. आराखड्यात वाचवलेल्या प्रत्येक किलोचा हिशेब तिथे चुकता झाला.

सी-१७ ची गोष्ट वेगळी, पण धडा जवळचा. नियमानुसार पंखाने सेवेतल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसला पाहिजे. ऑक्टोबर १९९२ च्या स्थिर चाचणीत, म्हणजे जमिनीवर भार लावून पाहताना, तो १२८ टक्क्यांवर मोडला. आतल्या उभ्या-आडव्या तुळया आणि फासळ्या एकामागून एक गेल्या. तोवर विमान उडून वर्ष होऊन गेले होते आणि उत्पादन सुरू झाले होते. पंखाचा आराखडा सुधारायला सुमारे १० कोटी डॉलर लागले. सप्टेंबर १९९३ मध्ये दुसरी चाचणी १४५ टक्क्यांवर थांबली आणि नोंदी तपासल्यावर कळले की भारच चुकीच्या पद्धतीने लावला होता, पंख पुरेसा मजबूत होता. यातून दोन गोष्टी पक्क्या करा. स्थिर चाचणीचे धड पहिल्या उडणाऱ्या विमानाबरोबरच बांधा, आणि ती चाचणी पार होईपर्यंत उत्पादनाची पहिली मोठी तुकडी सोडू नका. आणि चाचणीच्या सांगाड्यालाही विमानाइतकेच तपासा. भार लावणारे जॅक, त्यांचे कोन, ताणमापक यांची स्वतंत्र तपासणी दुसऱ्या गटाकडून करून घ्या.

थकव्याच्या, म्हणजे भार पुन्हा पुन्हा देऊन आयुष्य पाहायच्या, चाचणीचे धड वेगळे हवे. ज्यावर स्थिर चाचणी झाली तेच वापरून पैसे वाचवू नका.

कच्च्या धावपट्टीची अट लिहिताना हात आखडता घ्या. सी-५ ला २८ चाके दिली ती मऊ जमिनीसाठी, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना मुख्य चाके २० अंशांपर्यंत फिरतील अशी सोयही केली. प्रत्यक्ष सेवेत हे विमान जवळजवळ सर्व काळ पक्क्या धावपट्ट्यांवरच चालले, आणि पुढच्या सी-५बी मध्ये ती फिरणारी सोय काढून टाकली. याउलट सोव्हिएत आयएल-७६ च्या मुख्य चाकांची मांडणी आणि उड्डाणातच टायरचा दाब कमी-जास्त करायची सोय खरोखर वापरली गेली, कारण तिथे कच्ची आणि बर्फाळ मैदाने रोजचीच होती. सी-१७ साठी १,०६४ मीटर धावपट्टीची अट त्याच्या पूर्ण आराखड्याला कारण झाली: इंजिनाचा झोत फ्लॅपवर (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांवर) सोडून वाढवलेली उचल, वर आणि पुढे वळवलेला उलटा रेटा, आणि उलट चालत अरुंद पट्टीवर वळायची ताकद. या सगळ्याचे वजन आणि गुंतागुंत प्रत्येक उड्डाणात सोबत असते, उतरायचे ठिकाण तीन किलोमीटरच्या काँक्रीटचे असले तरी. तेव्हा तुमच्या विमानाची किती टक्के उड्डाणे कच्च्या जमिनीवर होणार ते प्रामाणिकपणे लिहा. आकडा लहान असेल तर त्या कामासाठी लहान विमान ठेवा. लांबीपेक्षा मातीची वहनक्षमता अधिक महत्त्वाची असते, आणि ती पावसानंतरची धरा.

पल्ल्याच्या बाबतीत थोडक्यात. कमाल ओझे आणि कमाल पल्ला एकाच उड्डाणात कधीच मिळत नाहीत. ए-४००एम ३७ टन घेऊन सुमारे ३,३०० किलोमीटर जाते, २० टन घेऊन सुमारे ६,४००. म्हणून अट एका बिंदूची नको, तीन-चार बिंदूंची वक्ररेषा द्या. त्यातला सर्वांत जड बिंदू एखाद्या ठरावीक वाहनासाठी असेल तर सावध राहा, कारण वाहने सेवेत वजन वाढवतात. जर्मन पूमा वाहन ए-४००एम मध्ये बसावे म्हणून उतरवता येण्याजोग्या चिलखताचे बनवले. साधे चिलखत घेऊन साडेएकतीस टन, पूर्ण चिलखतासह ४३. म्हणजे उरलेले चिलखत वेगळ्या विमानाने न्यायचे. वाहनाचा विभाग आणि विमानाचा विभाग एका टेबलावर बसले नाहीत तर दोघांपैकी एक जण दुसऱ्याची मर्यादा ओलांडतो.

इंजिन हा या पत्रातला आमचा सर्वांत कळकळीचा मुद्दा आहे. नवे धड आणि नवे इंजिन एकत्र विकसित करू नका. मे २००३ मध्ये सात देशांनी ए-४००एम ची १८० विमाने मागवली, त्याबरोबर ११,००० अश्वशक्तीचे टीपी-४०० हे नवेकोरे टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणारे) इंजिन आले. पहिले उड्डाण २००८ च्या सुरुवातीला ठरले होते. जून २००८ मध्ये विमान स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये कारखान्याबाहेर आले, पण इंजिन सी-१३० च्या पंखावर बसून पहिल्यांदा उडाले ते डिसेंबर २००८ मध्ये. विमान तयार आणि इंजिनावर भरवसा नाही. खोळंबा मुख्यतः इंजिन-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचा होता. ते नागरी प्रमाणपत्राच्या पद्धतीने लिहिलेले आणि नोंदवलेले नव्हते. शेवटी विमान उडाले ११ डिसेंबर २००९ रोजी. एकाच पंखावरचे दोन प्रोपेलर परस्परविरुद्ध फिरतात, त्याचे हवाई फायदे आहेत, पण त्यासाठी दोन प्रकारचे गिअरबॉक्स लागले, आणि २०१६ मध्ये गिअरबॉक्समधल्या तड्यांनी पुन्हा विमाने जमिनीवर आणली.

याउलट सी-१७ ने प्रवासी विमानांवर आधीच चालत असलेले इंजिन घेतले. त्याच्या अडचणी पुष्कळ होत्या, पण त्या इंजिनाच्या नव्हत्या. चीनचे वाय-२० जानेवारी २०१३ मध्ये जुन्या डी-३० इंजिनांवर उडाले आणि नवे इंजिन नंतर बसवले गेले. सी-५ ला कित्येक दशकांनी सीएफ-६ जातीचे इंजिन मिळाले, २२ टक्के जास्त रेट्याचे, आणि त्याने विमानाची विश्वासार्हताच बदलली. म्हणून इंजिनाचा खांब आणि पंखातली त्याची जोडणी पुढच्या पिढीच्या जड इंजिनाचा विचार करून आताच मजबूत ठेवा.

सॉफ्टवेअरबाबत सेव्हिलचा अपघात विसरू नका. ९ मे २०१५ रोजी ए-४००एम चे नवे विमान उत्पादन-चाचणीच्या उड्डाणात कोसळले आणि चौघे मरण पावले. चारपैकी तीन इंजिनांच्या नियंत्रकांतली टॉर्क (इंजिनाचा पीळ) मोजण्याची आवश्यक मूल्ये सॉफ्टवेअर भरताना पुसली गेली होती. ती नाहीत हे जमिनीवर असताना कॉकपिटमध्ये कळले नाही. नियंत्रकाला मूल्ये सापडली नाहीत तर इंजिन सुरूच होऊ नये, ही अट आराखड्यात लिहायला एक ओळ पुरते. आणि एकाच विमानाच्या सर्व इंजिनांचे सॉफ्टवेअर एकाच बैठकीत, एकाच माणसाने, एकाच उपकरणाने भरू नये. चार इंजिने असल्याचा फायदा चारही एकाच कारणाने बंद पडू शकत नसतील तेव्हाच.

मागच्या दारालाही हाच न्याय. ४ एप्रिल १९७५ रोजी व्हिएतनाममधल्या सायगावहून निघालेल्या सी-५ चे मागच्या दाराचे लॉक निकामी झाले, दाबाखालचे दार उडाले आणि त्याबरोबर शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रण-तारा आणि चारपैकी दोन हायड्रॉलिक यंत्रणा तुटल्या. १३८ जण दगावले. मालवाहू विमानात सर्वांत मोठे छिद्र शेपटीखालीच असते आणि शेपटीचे सगळे नियंत्रण त्याच्याच वरून जाते. त्या नळ्या आणि तारा किमान दोन वेगळ्या वाटांनी न्या, एक वाट दाराच्या पट्ट्यापासून शक्य तितकी दूर. दाराचे प्रत्येक लॉक बसले की नाही हे स्वतंत्र संवेदकाने दिसले पाहिजे, सगळ्यांचा मिळून एक दिवा पुरत नाही. देखभालीत एका दाराचा भाग दुसऱ्याला लावला गेला तरी जुळणी समायोजनाशिवाय बसते असे गृहीत धरू नका.

छत्रीधारी सैनिकांची चाचणी शेवटी ठेवायची सवय मोडा. उभट वळलेल्या रुंद शेपटीमागे भोवरे तयार होतात. दोन्ही बाजूंच्या दारांतून एकाच वेळी उडी मारणारे मध्याकडे खेचले जाण्याचा धोका ए-४००एम मध्ये आढळला आणि तो सोडवायला वर्षे लागली. सी-१७ मध्ये पुढच्या विमानाचे भोवरे मागच्या विमानातून सुटलेल्या छत्र्यांना गाठत, त्यामुळे विमानांमधले अंतर वाढवावे लागले, आणि अंतर वाढले की तुकडी मैदानावर विखुरते. दोन्ही गोष्टी वातबोगद्यात लहान प्रतिकृतीवर वेळेत तपासता येतात. दारापुढचे वारा-आडवे पत्रे आणि दाराची जागा बदलणे तेव्हा स्वस्त असते.

उडणारी चाचणी-विमाने किती, हाही पैशांचा प्रश्न म्हणून सोडू नका. युक्रेनचे एएन-७० हे मालवाहू विमान डिसेंबर १९९४ मध्ये उडाले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सोबतच्या विमानाशी हवेत धडकून नष्ट झाले, सातही जण गेले. दुसरे उडायला एप्रिल १९९७ उजाडला. दोन वर्षे सगळे चाचणीकाम ठप्प. आराखडा चांगला असून ते विमान पुढे मालिकेत आलेच नाही, यात ही पोकळी एकटीच कारणीभूत नसली तरी तिचा वाटा नक्कीच आहे.

आता कराराकडे. सी-५ चा करार १९६५ मध्ये विकास आणि उत्पादन या दोन्हींचा एकत्रित ठरीव किमतीचा होता. १९६८ मध्ये खर्च सुमारे २ अब्ज डॉलर वाढल्याची साक्ष अमेरिकी संसदेपुढे झाली. १९८५ मध्ये सी-१७ च्या विकासाला पुन्हा किंमतबंद करार, १९९३ मध्ये दोन वर्षांत सुधारा नाहीतर ४० विमानांवर थांबू असा इशारा, आणि मग ओझे-पल्ल्याच्या काही अटी सैल. २००३ मध्ये ए-४००एम साठी २० अब्ज युरोंचा ठरीव करार, २०१० मध्ये त्यात साडेतीन अब्ज युरोंची भर. तिन्ही वेळा किंमत अशा क्षणी गोठवली गेली जेव्हा पंखाची चाचणी झालेली नव्हती आणि इंजिन किंवा वजन कुणालाच खात्रीने माहीत नव्हते. कंपनीला तोटा दिसू लागला की ती तो कुठे भरून काढते? पंखाच्या धातूत, चाचण्यांच्या संख्येत, सुट्या भागांच्या किमतीत.

विकासाला खर्चाधारित पैसे द्या आणि टप्पे कडक ठेवा. लाकडी पूर्णाकृती मालकक्षात खरी वाहने चढवून पाहणे, इंजिन चाचणी-विमानावर उडणे, पंख दीडपट भाराला टिकणे: या तिन्हीनंतरच उत्पादनाची किंमत ठरवा. लाकडी मालकक्षाचा खर्च संपूर्ण प्रकल्पात नगण्य आहे. त्यात अनुभवी लोडमास्टरांना, म्हणजे माल चढवणे-बांधणे पाहणाऱ्या चालकदलातल्या माणसांना, किमान सहा महिने काम करू द्या, रात्री, पावसाच्या पाण्याने निसरड्या केलेल्या रॅम्पवर, जाड हातमोजे घालून. त्यांनी सांगितलेला प्रत्येक बदल नोंदवा, आणि जो नाकाराल त्याचे कारण सहीसह लिहून ठेवा. गरजपत्रकाची अंतिम प्रत त्या नोंदीशिवाय मंजूर करू नये, अशी आमची आपल्याला स्पष्ट मागणी आहे.

आपले,
लष्करी हवाई वाहतूक क्षेत्रातील काही अभियंते आणि अभ्यासक